गृहकामगारांचे आरोग्य

मालकाने किंवा मध्यस्थाने सोपविलेले काम कारखान्यात वा कचेरीत न जाता आपल्या राहत्या घरी करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा विचार या विषयात केला जातो. तंबाखू व पाने घरी आणून विड्या वळणाऱ्या स्त्रिया, नगावर पैसे घेऊन कपडे शिवणारे, घरातील मागावर पैठणी विणणारे येवल्याचे विणकर आणि संगणकाच्या साहाय्याने घरून कचेरीचे काम करणारे अभियंते, लेखापाल व भाषांतरकार हे सर्व या अर्थाने गृहकामगारच होत. त्यांच्या मिळकतीत व सामाजिक स्थितीत मोठे अंतर असले, तरी आरोग्याच्या दृष्टीने त्यांच्यात एक महत्त्वाचे साम्य आहे. कामाची जागा व विसाव्याची जागा एकच असल्यामुळे कामाचे सर्व अपाय घरात येतात आणि कारखान्याच्या दाराशी लागू होणारे संरक्षणाचे नियम मात्र घराच्या उंबरठ्याबाहेर राहतात. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सु. २६ कोटी लोक घरी राहून काम करीत होते व त्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. २०२० मधील कोविड महासाथीच्या काळात या संख्येत एकाएकी मोठी भर पडली.

इतिहास : बैठ्या कामाच्या अपायांचे पहिले पद्धतशीर वर्णन इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामाझ्झीनी (१६३३–१७१४) यांनी केले. व्यावसायिक रोगांवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० मध्ये मॉदेना येथे प्रसिद्ध झाला. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर वैद्याने ‘तुमचा व्यवसाय कोणता?’ हेही विचारले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. लेखनिकांच्या दुखण्यांची त्यांनी तीन कारणे दिली : एकाच जागी सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. लेखणीच्या जागी कळफलक आला, एवढाच फरक केला, तर तीन शतकांनंतरही या निदानात फारसे काही बदलावे लागत नाही.

औद्योगिक क्रांतीनंतर सगळे काम कारखान्यात गेले, ही समजूत अपुरी आहे. आगपेट्यांची खोकी, कृत्रिम फुले, शिवलेले कपडे यांसारखी कामे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही लंडनच्या गरीब वस्त्यांतील खोल्यांमध्ये नगावारी चालत. १९०६ मध्ये लंडन येथे भरलेल्या एका प्रदर्शनात अशा वस्तू व त्या करणाऱ्या स्त्रिया लोकांसमोर आणण्यात आल्या. या जागृतीचा परिणाम म्हणून १९०९ मध्ये किमान वेतनासंबंधीचा कायदा झाला. न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या चाळवजा इमारतींत सिगार वळण्याचा धंदा चाले. ज्या खोलीत कुटुंब जेवे व झोपे, त्याच खोलीत तंबाखू वाळत पडलेली असे. तेथील विधिमंडळाने १८८४ मध्ये या प्रथेवर बंदी घातली परंतु १८८५ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द ठरविली. माणसाला त्याच्या घरापासून दूर करून आरोग्य कसे सुधारणार, अशा आशयाचा युक्तिवाद न्यायालयाने केला. घराच्या पावित्र्याचा हा आदर वरकरणी योग्य वाटतो परंतु त्या घरातील हवा तंबाखूच्या धुळीने भरलेली आहे, ही गोष्ट त्यात नजरेआड झाली. घराचे खाजगीपण आणि कामगाराचे आरोग्य यांतील हा संघर्ष पुढे प्रत्येक देशात या ना त्या स्वरूपात उभा राहिलेला दिसतो.

दूरसंचाराच्या साहाय्याने घरून काम करण्याची कल्पना अमेरिकन अभियंते जॅक निल्स यांनी १९७३ मध्ये मांडली. माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाकडे पाठवावे, म्हणजे रस्त्यांवरील गर्दी व इंधनाचा खर्च वाचेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यात वाहतुकीचा विचार होता, पाठीच्या कण्याचा नव्हता. भारतात मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाल्यावर पुणे, मुंबई, बंगळूर येथील माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांतील कर्मचारी काही दिवसांत घरून काम करू लागले. दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकाचा ओटा, मुलांची शाळा आणि आई-वडील दोघांच्या कचेऱ्या एकाच वेळी चालू लागल्या. महासाथ ओसरल्यावर पुष्कळ ठिकाणी आठवड्यातील काही दिवस घरी व काही दिवस कचेरीत अशी मिश्र पद्धती रूढ झाली.

विडी कामगार : महाराष्ट्रातील गृहकामगारांच्या आरोग्याचा विचार विडी वळणाऱ्या स्त्रियांपासूनच सुरू करावा लागतो. सोलापूर, अहिल्यानगर, सिन्नर, संगमनेर, तसेच विदर्भातील गोंदिया-भंडारा हा भाग या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. सोलापुरात या कामात तेलुगू भाषिक पद्मशाली समाजातील स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. त्यांची घरे मूळची विणकरांची, म्हणजे घरी बसून काम करण्याची परंपरा तेथे दुहेरी आहे. तेंदूची (टेंभुर्णीची) पाने भिजवून मऊ करणे, पत्र्याच्या मापाने ती कात्रीने कापणे, त्यांत तंबाखू भरून वळणे, दोऱ्याने बांधणे व टोके मुडपणे असे कामाचे टप्पे आहेत. एका विडीत साधारण पाव ग्रॅम किंवा त्याहून थोडी कमी तंबाखू असते. हजार विड्या वळणारी स्त्री दिवसाकाठी सु. दोनशे ते अडीचशे ग्रॅम तंबाखू बोटांनी हाताळते आणि या कामाला आठ-दहा तास सहज लागतात. मजुरी हजारी ठरलेली असल्याने विश्रांतीचा प्रत्येक क्षण तिच्या स्वतःच्या खिशातून जातो. माल जमा करताना दोषपूर्ण ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांचे नुकसानही बहुधा तिलाच सोसावे लागते.

तंबाखूतील निकोटीन त्वचेवाटे व श्वासावाटे शरीरात शिरते. ओलसर बोटांनी ते अधिक सहज शोषले जाते. त्यामुळे स्वतः कधीही तंबाखू न खाणाऱ्या वा न ओढणाऱ्या स्त्रीच्या मूत्रातही निकोटीनपासून बनणारी द्रव्ये सापडतात. डोकेदुखी, मळमळ, चक्कर या तक्रारी यातून उद्‌भवतात. तंबाखूची बारीक धूळ श्वसनमार्गाला चुरचुरते. खोकला, दमा, डोळ्यांची आग ही दुखणी या वस्त्यांतील डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहेत. पंखा लावावा, तर चुरा उडतो व वजनात घट येते, म्हणून पत्र्याच्या खोलीत भर उन्हाळ्यातही पंखा बंद ठेवला जातो. मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून बसल्यामुळे मान, खांदे व कंबर धरतात. बोटांची टोके झिजतात. या सर्वांहून गंभीर गोष्ट म्हणजे हा धोका एकटीपुरता राहत नाही. कारखान्यातील धूळ कारखान्यात राहते, घरातील धूळ मात्र पाळण्यातल्या मुलाच्या व भाकरीच्या पिठाच्या वाट्याला येते. पाने भिजविण्याची व दोरे गुंडाळण्याची कामे मुलींकडे सोपविली जातात व हळूहळू त्यांची शाळा सुटते.

यावरील उपाय फार अवघड नाहीत, मात्र ते स्वस्त घरांशी निगडित आहेत. कामाची जागा चुलीपासून व झोपण्याच्या जागेपासून वेगळी, समोरासमोर खिडक्या असलेली हवी. तंबाखू झाकणाच्या डब्यात ठेवावी. केर कोरड्या झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. जेवणापूर्वी व मुलाला पाजण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि कामाचे लुगडे वा साडी वेगळी ठेवावी. पाठीला भिंतीचा आधार घेऊन, सूप लहान चौरंगावर ठेवल्यास मानेचा वाक कमी होतो. परंतु जिच्या घरात एकच खोली आहे, तिला वेगळी खोली वापरण्याचा सल्ला देणे हा उपदेशाचा अपव्यय होय. या दृष्टीने सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत (२००६) ही केवळ गृहनिर्माणाची नव्हे, आरोग्याचीही योजना मानली पाहिजे.

घरी बसून करण्याचे प्रत्येक काम एवढे घातक असते असे नाही. गिरगावातील सात स्त्रियांनी १५ मार्च १९५९ रोजी सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगात पीठ केंद्रात मळले जाते व लाटण्याचे काम घरी होते. तेथेही खांदे व मनगटे दुखतात परंतु हाताळला जाणारा पदार्थ विषारी नाही आणि लाटणारी स्त्री ही संस्थेची सभासद असल्याने कामाच्या अटी ठरविण्यात तिला वाटा आहे. आरोग्यावर या दुसऱ्या गोष्टीचा प्रभाव पहिलीइतकाच असतो.

बैठे काम व शरीर : संगणकावर काम करणाऱ्याला धुळीचा धोका नाही, पण रामाझ्झीनींनी सांगितलेली पहिली दोन कारणे त्याला पूर्णपणे लागू पडतात. पुढे वाकून बसल्यावर कमरेच्या कशेरुकांमधील चकत्यांवर उभ्या स्थितीपेक्षा अधिक भार येतो. माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार-पाच किग्रॅ. असते. मान जितकी पुढे झुकते, तितका मानेच्या मागील स्नायूंना ते तोलून धरण्यास अधिक जोर लावावा लागतो. मांडीवरच्या संगणकात पडदा व कळफलक एकमेकांना जोडलेले असल्याने कळफलक हाताला सोयीचा ठेवला की पडदा खाली जातो व पडदा डोळ्यांसमोर आणला की हात अधांतरी राहतात. हा दोष यंत्राच्या घडणीतच आहे, वापरणाऱ्याच्या सवयीत नाही. म्हणून संगणक चार-सहा जाड पुस्तकांवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी व कळफलक वेगळा जोडावा. कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ, पावले जमिनीवर किंवा पाटावर टेकलेली आणि कमरेच्या पोकळीत उशी वा गुंडाळलेला टॉवेल अशी बैठक असावी. महागडी खुर्ची नसली, तरी चालते. आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर दिवाणजी गादीवर मांडी घालून उतरत्या मेजावर वह्या लिहीत. त्या उतरत्या फळीमुळे वही डोळ्यांकडे कलती व मान कमी वाकवावी लागे. पलंगावर लोडाला टेकून संगणकावर वाकणाऱ्या आजच्या कर्मचाऱ्यापेक्षा ती बैठक निश्चितच शास्त्रशुद्ध होती.

कोणतीही बैठक मात्र तासन्‌तास टिकविण्याजोगी नसते. हालचालीचा अभाव हाच मुळात अपायकारक आहे. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांत हृद्‌रोगाचे प्रमाण कमी आढळले. घरून काम करणाऱ्याची स्थानकापर्यंतची चाल, जिना, मधल्या सुटीतील फेरी हे सर्व नाहीसे होते व त्याची जाणीवही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. त्याखेरीज दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन-चार मिनिटे चालावे. दूरध्वनीवरील बोलणे उभ्याने करावे, पाण्याचा तांब्या मुद्दाम दूर ठेवावा, अशा लहान युक्त्या येथे उपयोगी पडतात. मनगटात मुंग्या येणे, रात्री अंगठा व त्यालगतची बोटे बधिर होणे ही मनगटातील तंत्रिका दाबली जात असल्याची लक्षणे असू शकतात. ती दिसू लागताच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या मिटण्याचा वेग बराच मंदावतो, त्यामुळे अश्रूंचा पातळ थर वाळून डोळे चुरचुरतात. दर २० मिनिटांनी सु. २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहण्याचा संकेत नेत्रवैद्य सांगतात. खिडकी पाठीमागे वा थेट समोर नसून बाजूला असावी. दिवसाचा उजेड मिळावा, हे डोळ्यांइतकेच झोपेसाठीही महत्त्वाचे आहे. दिवसभर अंधुक खोलीत राहून रात्री उशिरापर्यंत प्रखर पडद्याकडे पाहणाऱ्याचे झोप-जागृतीचे चक्र बिघडते.

मानसिक स्वास्थ्य : घरून काम करण्याचे मनावरील परिणाम एकेरी नाहीत. लोकलगाडीतील दीड-दोन तासांचा प्रवास वाचणे, लहान मूल वा आजारी आईवडील यांच्याजवळ राहता येणे हे लाभ खरे आहेत. शांघायमधील एका प्रवास कंपनीत २०१०-११ मध्ये नऊ महिने केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. दूरध्वनीवरून ग्राहकांशी बोलणाऱ्या सु. २५० इच्छुक कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्यांच्या धर्तीवर निवडून आठवड्यातील चार दिवस घरी बसविण्यात आले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले व नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याने घटले. हा निष्कर्ष व्यवस्थापकांच्या तोंडी नेहमी असतो. त्याचे उरलेले दोन भाग मात्र क्वचितच सांगितले जातात. वाढलेल्या कामाचा मोठा हिस्सा मधल्या विश्रांती व आजारपणाच्या रजा कमी झाल्याने आला होता. प्रयोग संपल्यावर घरी बसलेल्यांपैकी सु. निम्म्या लोकांनी पुन्हा कचेरीत येणे पसंत केले. त्यामागचे मुख्य कारण एकाकीपणा हे होते.

एकाकीपणा म्हणजे माणसांचा अभाव नव्हे. भरल्या घरातही कामाच्या सोबत्यांचा अभाव जाणवतो, कारण कामातील अडचण ज्याला अर्ध्या शब्दात कळते, असा माणूस जवळ नसतो. कचेरीतील चहाच्या टपरीवरचे बोलणे हे केवळ वेळ घालविणे नसून चुका, शंका व रागाचा निचरा होण्याची ती एक व्यवस्था असते. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया माल देण्यासाठी कारखान्याच्या शाखेत जमतात, तेव्हा रांगेत होणारे बोलणे याच प्रकारचे असते. संगणकावर काम करणाऱ्याला आठवड्याकाठी तेवढीही रांग मिळत नाही.

दुसरा ताण वेळेच्या सीमा पुसल्या गेल्याने निर्माण होतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृद्‌रोगाने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. घरी हे तास कोणी मोजत नाही. स्त्रियांच्या बाबतीत भार दुहेरी होतो. ‘घरीच तर असतेस’ या वाक्यात तिचे काम काम म्हणून मोजलेच जात नाही आणि कचेरीतील वरिष्ठाला ती सदैव उपलब्ध वाटते. यावर घरातील माणसांशी कामाचे तास ठरवून घेणे, शक्य असल्यास कामाची जागा ठराविक ठेवणे, काम संपल्यावर संगणक झाकून दृष्टीआड करणे व थोडे चालून येणे हे उपाय सांगितले जातात. सकाळ-संध्याकाळची ही फेरी हरवलेल्या प्रवासाची जागा काही अंशी भरून काढते. सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येणे ही लक्षणे असल्यास ती केवळ थकव्याची समजू नयेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारने ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीवरील साहाय्यसेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू केली असून तीत प्रादेशिक भाषांतून बोलता येते.

कायदेशीर संरक्षण : भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाचा रोख कारखान्याच्या जागेवर असल्याने घरी चालणारे काम त्याच्या कक्षेबाहेर राहिले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने प्रथमच कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणाऱ्या व्यक्तीचा ‘कामगार’ या संज्ञेत स्पष्ट समावेश केला. मालकांनी त्याला आव्हान दिले परंतु १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने नव्वद वर्षांपूर्वी घेतलेल्या भूमिकेच्या हे नेमके उलट होते. तरीही या अधिनियमातील वायुवीजन, पाळणाघर, स्वच्छतागृहे यांची कलमे औद्योगिक जागेपुरतीच होती. साहजिकच काम घरी पाठविणे मालकाला स्वस्त पडे. तंबाखू ‘विकून’ विड्या ‘विकत घेतल्या’चे दाखवून कामगार-मालक हे नातेच नाकारण्याची पळवाटही पुष्कळ ठिकाणी काढण्यात आली. १९७६ च्या कायद्यांन्वये विड्यांवर उपकर बसवून कल्याणनिधी उभारण्यात आला व त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरबांधणी यांसाठी साहाय्य दिले गेले. वस्तू व सेवा कर आल्यावर २०१७ मध्ये हा उपकर बंद झाला. १९६६ चा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेत समाविष्ट करण्यात आला असून ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली.

कचेरीच्या वेळेनंतर संपर्क न ठेवण्याचा हक्क फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने मान्य केला. पोर्तुगालने २०२१ च्या कायद्याने विश्रांतीच्या वेळी कर्मचाऱ्याशी संपर्क न साधण्याचे बंधन मालकावर घातले. हक्क आणि बंधन यांतला हा फरक लहान नाही, कारण हक्क बजावण्यास धैर्य लागते व ते नव्या, कनिष्ठ नोकराजवळ क्वचितच असते. अशा आशयाचे एक खाजगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने जून १९९६ मध्ये गृहकामासंबंधी १७७ क्रमांकाचा संकेत संमत केला व तो एप्रिल २००० मध्ये अमलात आला. गृहकामगारांना सुरक्षा व आरोग्याचे नियम लागू असावेत आणि काही पदार्थ व कामे घरी करण्यास मनाई करता यावी, अशी त्यात तरतूद आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. त्यासोबतच्या शिफारशीत खाजगीपणाच्या कायद्यांशी सुसंगत राहून तपासनिसाला घराच्या ज्या भागात काम चालते तेवढ्याच भागात प्रवेश असावा, असे म्हटले आहे. दूरकार्याबाबतच्या २००२ च्या यूरोपीय करारात तर पूर्वसूचना व कर्मचाऱ्याची संमती आवश्यक मानली आहे. एका खोलीच्या घरात ‘कामाचा भाग’ कोठे संपतो, हे ठरविणे कठीण असल्याने विडीसारख्या धंद्यात घरोघरी तपासणीपेक्षा वेगळा मार्ग सोयीचा ठरतो. स्त्रिया ज्या शाखेत तंबाखू नेण्यास व माल देण्यास येतात, तेथेच ठराविक दिवशी छातीची व डोळ्यांची तपासणी आणि रक्तातील हीमोग्लोबिनाची मोजणी करावी आणि तिची नोंद मजुरीच्या पुस्तकातच ठेवावी, म्हणजे मालक वा मध्यस्थ बदलला, तरी ती नोंद कामगार स्त्रीजवळ राहते.